पाणथरीच्या वेशीवरील पहारेकरी

शरीराच्या अवयवांतही मानाचे व बिनमानाचे असा भेद आपण केलेला आहे. हृदयावर काव्यें झालीं, मेंदूची थोरवी शाळेंतल्या मुलांसही ठाऊक आहे, यकृताची काळजी पथ्यपाण्याच्या निमित्तानें घरोघर होते. पण पाणथरीचें नांव घरांत निघतें तें ती वाढली म्हणजेच. हिंवतापाच्या दिवसांत डाव्या बरगडीखालीं बोटें घालून 'पाणथरी हातास लागते का' हें पाहणारे डॉक्टर वडील पिढीच्या चांगले आठवणींत आहेत. वाढली तर दोष, न वाढली तर विस्मरण, असें तिचें दैव. ती काढून टाकली तरी माणूस जगतो, एवढ्यावरून ती निरुपयोगी असावी अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ह्या समजुतीची किंमत आमच्या नागपूर-विदर्भांत लहान मुलांनीं मोजलेली आहे. म्हणून ह्या महिन्यांत आम्ही पाणथरीविषयीं, आणि विशेषेंकरून तिच्या एका कडेवर राहणाऱ्या पेशींविषयीं, चार शब्द लिहीत आहों. विषय थोडा किचकट आहे खरा. पण आमचे वाचक किचकटपणास भिणारे नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

पाणथरी, जिला आयुर्वेदांत प्लीहा म्हणतात, ती प्रौढ माणसांत वजनानें सुमारें १५० ग्रॅम, म्हणजे मुठीएवढी असते. रक्त तिच्यांत शिरतें तें केवळ पोषण करून परत फिरत नाहीं. तें तेथें गाळलें जातें. तांबड्या पेशींना इतक्या अरुंद फटींतून जावें लागतें कीं, म्हाताऱ्या व ताठर झालेल्या पेशी अडकतात आणि मोडींत निघतात. हा तिचा तांबडा भाग. दुसरा भाग पांढरा. तेथें रोगाशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींची वस्ती असते. ह्या दोहोंच्या मधली जी कड, तिला आपण वेस म्हणूं. गांवांत येणारा-जाणारा जसा वेशीवरून जातो, तसें पाणथरींत आलेलें रक्त ह्या कडेपाशीं मंदावतें, आणि रक्तांतून वाहत आलेला जंतु तेथील पहारेकऱ्यांच्या नजरेस पडतो. हे पहारेकरी म्हणजे बी पेशींचा एक निराळा वर्ग होय.

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडें घडविणाऱ्या पेशी. प्रतिपिंड हें एक प्रथिन असून तें जंतूच्या अंगास नेमकें चिकटतें. चिकटलें कीं भक्षक पेशींना तो जंतु गिळणें सोपें जातें. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठावर एकाच घाटाचे ग्राहक असतात, म्हणून ती एकच खूण ओळखते. अशा असंख्य निरनिराळ्या बी पेशी आपल्या रक्तांत झोपल्यासारख्या फिरत असतात. त्या झोपलेल्या असतात हें बरेंच आहे. क्षुल्लक निमित्तानें उठून शस्त्र उगारणारी पेशी घरच्याच माणसांवर उलटण्याचें भय असतें. म्हणून निसर्गानें असा नियम घातला आहे कीं, एका हांकेनें उठावयाचें नाहीं. दोन साक्षी पटल्या पाहिजेत. पहिली साक्ष जंतूची, म्हणजे त्याचा अंश पेशीच्या ग्राहकास प्रत्यक्ष लागण्याची. दुसरी साक्ष शेजारच्या पेशींची.

ही दुसरी साक्ष निरोपांच्या रूपानें येते. एक पेशी सूक्ष्म प्रथिनें सोडते, दुसरी तीं झेलते आणि त्याप्रमाणें वागते. ह्या निरोप्या द्रव्यांना सायटोकाइन असें नांव आहे. शब्द परका असला तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. मोठ्या कुटुंबांत 'पाहुणे आले' एवढा एकच निरोप आंत जातो. पण त्यानें चुलीपाशीं भाताचें माप वाढतें, माजघरांत पाट मांडले जातात आणि पोरांना अंगणांत पिटाळलें जातें. निरोप एकच, पण ज्याच्या कानीं पडला त्याप्रमाणें कृति निराळी. पेशींचेंही तसेंच आहे. इंटरल्यूकिन-२१ हा निरोप मिळाला कीं जागी झालेली बी पेशी प्रतिपिंडांचा कारखाना बनण्याच्या मार्गास लागते. इंटरल्यूकिन-४ हा निरोप कोणत्या जातीचें प्रतिपिंड घडवावें ह्याचें वळण देतो. बॅफ आणि एप्रिल अशीं दोन द्रव्यें आहेत. त्यांपैकीं दुसऱ्याचा इंग्रजी महिन्याशीं कांहीं संबंध नाहीं, तें केवळ एका लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांचें रूप आहे. बॅफ हें बी पेशींना जगवितें. आणि दोन्ही मिळून वेळप्रसंगीं त्यांना कामास लावतात.

पेशी जागी झाली हें शास्त्रज्ञांस कळतें कसें, असा प्रश्न येथें कोणीही विचारील. झोपेंतून उठलेल्या माणसाचे डोळे जसे सांगतात, तसें पेशीचें पृष्ठ सांगतें. १९८२ सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेपासून पांढऱ्या पेशींच्या पृष्ठावरील रेणूंना 'सीडी' हें उपपद लावून क्रमांकानें ओळखण्याची पद्धति पडली. बी पेशीस हांक पोंचली कीं कांहीं तासांतच सीडी ६९ हा रेणु वर येतो. त्यामागून सीडी ८६ वाढतो. सहाय्यक टी पेशींशीं संधान बांधण्यास तो लागतो. सीडी २५ दिसूं लागला म्हणजे पेशीनें इंटरल्यूकिन-२ हा निरोप झेलण्यासाठीं हात पुढें केला असें समजावें. ज्या पेशींनीं पूर्वीं शत्रु पाहिला आहे, त्यांच्या अंगावर बहुधा सीडी २७ ही खूण राहते. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यांतील पेशींवर ह्या खुणांना चिकटणारे चमकते रंग चढवून, त्या एकेक करून लेझरच्या झोतापुढून नेल्या कीं, कोणती पेशी जागी, कोणती झोपलेली आणि कोणती अनुभवी, ह्याची मोजदाद यंत्र करून देतें. ह्या यंत्रास फ्लो सायटोमीटर म्हणतात.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. बहुतेक जंतूंच्या बाबतींत बी पेशीस दुसरी साक्ष टी पेशीकडून मिळते. बी पेशी जंतूचें प्रथिन गिळते, त्याचा तुकडा टी पेशीस दाखविते, टी पेशी तो ओळखून निरोप देते, आणि मग कारखाना सुरू होतो. हा मार्ग भक्कम आहे, त्यानें दीर्घकाळची आठवणही राहते. पण पहिल्या खेपेस त्याला आठवडा, दोन आठवडे लागतात. आणि त्यांत एक उणीव आहे. ही रीत प्रथिनाची आहे. केवळ साखरेच्या रेणूंचा तुकडा टी पेशीपुढें अशा रीतीनें मांडतां येत नाहीं. न्यूमोकोकस हा फुप्फुसदाह व मेंदूच्या आवरणाचा दाह करणारा जंतु नेमकें हेंच वर्म ओळखून असल्यासारखा वागतो. तो अंगाभोंवतीं साखरेच्या रेणूंची जाड शाल लपेटून घेतो. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी 'ब' आणि मेनिंगोकोकस ह्या जंतूंचीही तीच तऱ्हा. असा जंतु रक्तांत शिरला म्हणजे टी पेशी मुक्या राहतात. भक्षक पेशींचा हातही त्या शालीवरून निसटतो. अनुकूल पोषण मिळाल्यास न्यूमोकोकस अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होऊं शकतो. सकाळीं खेळणारें मूल रात्रीं मरणाच्या दारांत असतें, तें ह्या गणितामुळें.

येथें वेशीवरचे पहारेकरी कामास येतात. साखरेची शाल म्हणजे एकाच मण्याची लांबच लांब माळ. ती ह्या बी पेशींचे अनेक ग्राहक एकदम ओढते. रक्तांतील पूरक प्रथिनें जंतूस आधींच चिकटलेलीं असतात. त्यांचा अंश पकडणारा सीडी २१ हा रेणु ह्या पेशींवर विपुल असतो. शेजारच्या भक्षक व इतर पेशी बॅफ आणि एप्रिल हे निरोप धाडतात. इतक्या गोष्टी जुळल्या कीं टी पेशीची वाट न पाहतां ह्या पेशी उठतात आणि दोन-चार दिवसांत आयजीएम जातीचीं प्रतिपिंडें रक्तांत सोडूं लागतात. शिवाय शांततेच्या काळींही कांहीं प्रतिपिंडें त्यांच्याकडून रक्तांत तयारच ठेवलेलीं असतात. सारांश, साखरेची शाल पांघरलेल्या चोराला ओळखणारे खास शिपाई पाणथरीच्या वेशीवर आहेत. दोन वर्षांखालील मुलांत ही वेस अद्याप पुरती बांधली गेलेली नसते. म्हणूनच ह्या जंतूंचा कहर त्या वयांत सर्वांत अधिक.

मग ज्या मुलाची पाणथरीच नष्ट झाली, त्याचें काय होत असेल? ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या नागपुराएवढें जवळून फार थोड्या शहरांनीं पाहिलें असेल. कारण येथें सिकलसेलचा आजार आहे.

हा आजार तांबड्या पेशींतील रक्तद्रव्याचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा. शिकागोच्या हेरिक ह्यांनीं १९१० सालीं त्याचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दोष रेणूंतच आहे हें दाखविलें. प्राणवायु कमी पडला कीं ह्या पेशी कोयत्यासारख्या वांकड्या व ताठर होतात. भारतांत १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी ह्या डॉक्टरांनीं नागपुराकडील लोकांत तो असल्याचें 'लॅन्सेट' ह्या विलायती नियतकालिकांत जाहीर केलें. पुढें तो विदर्भांतील अनेक समाजांत सांपडला. त्याचें कारण कोणाच्या आचारांत नाहीं, हिंवतापांत आहे. आईबापांपैकीं एकाकडूनच दोष आलेला मनुष्य निरोगी असतो, आणि त्यास मारक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें, हें ॲलिसन ह्यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंत दाखविलें. ज्या रानांत हिंवताप पिढ्यान् पिढ्या माणसें नेत होता, त्या रानांत हा दोष टिकून राहिला. दोघांकडूनही दोष आला म्हणजे मात्र आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भास ही शक्यता चारांत एक असते.

पाणथरींतील अरुंद फटी आणि ताठर कोयते ह्यांची गांठ पडली कीं काय व्हावयाचें तें उघड आहे. वाटा तुंबतात, पुढचा भाग रक्तावांचून मरतो, आणि हें वारंवार होऊन अवयव आटत जातो. आफ्रिकी वंशाच्या मुलांत तो पांचव्या वर्षाच्या सुमारास बहुधा निकामी होतो. विदर्भांतील मुलांत गर्भावस्थेंतलें हिमोग्लोबिन पुढेंही बऱ्याच प्रमाणांत राहतें, त्यामुळें पाणथरी पुष्कळ वर्षें मोठी राहते. ह्यावरून येथला आजार सौम्य, असें दीर्घकाळ मानलें गेलें. पण मोठी पाणथरी ही काम करणारी पाणथरी असेलच असें नाहीं. १९६९ सालीं हॉवर्ड पिअरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत सिकलसेलच्या मुलांच्या हातास लागणाऱ्या पाणथऱ्या तपासल्या, तेव्हां त्या रक्तांतील कण टिपण्याचें आपलें कामच सोडून बसल्याचें आढळलें. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, ज्यास सारें गांव नुसतें 'मेडिकल' म्हणतें, डॉ. दीप्ति जैन व त्यांचे सहकारी ह्यांनीं नवजात अर्भकांची तपासणी करून व पुढें त्यांच्यावर लक्ष ठेवून २०१६ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, मध्य भारतांतील हा आजार गंभीर रूप घेऊं शकतो.

पाणथरीवांचून जगणें धोक्याचें आहे ही गोष्ट वैद्यकास उशिरांच उमगली. १९५२ सालीं अमेरिकेंतील किंग व शूमेकर ह्या शस्त्रवैद्यांनीं पाणथरी काढलेल्या पांच अर्भकांस पुढें जीवघेणा जंतुसंसर्ग झाल्याचें नोंदविलें, तेव्हां प्रथम डोळे उघडले. त्याचें पेशींच्या पातळीवरचें कारण २००३ सालीं रोम येथील संशोधकांनीं स्पष्ट केलें. पाणथरी काढलेल्या किंवा जन्मतःच ती नसलेल्या माणसांच्या रक्तांत सीडी २७ ही खूण वागविणाऱ्या आयजीएमवाल्या बी पेशी फारच कमी झालेल्या होत्या. त्याच ह्या वेशीवरच्या पेशी. बाकीच्या बी पेशी जागच्या जागीं होत्या. म्हणजे फौज होती, पण जी तुकडी हवी नेमकी तीच नव्हती.

ह्यावर उपाय दोन दिशांनीं निघाले. पहिला साधा आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत सिकलसेलच्या २१५ लहान मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांस दिवसांतून दोनदां पेनिसिलिन पोटांतून दिलें, निम्म्यांस तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. न्यूमोकोकसचा रक्तसंसर्ग पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांपैकीं २ जणांस झाला, दुसऱ्या गटांतील ११० पैकीं १३ जणांस, आणि त्यांतील ३ मुलें दगावलीं. प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवून सर्वांस औषध देणें भाग पडलें. एका स्वस्त गोळीनें एवढें साधावें, ही वैद्यकांत दुर्मिळ गोष्ट आहे.

दुसरा उपाय बुद्धीचा. पहारेकरी नाहींत, तर काम टी पेशीच्या मार्गानें कां करवून घेऊं नये? साखर एकटी गेली तर टी पेशी बोलत नाहीं. मग तिला प्रथिनाचें बोट धरवून पाठवावी. साखर ओळखणारी बी पेशी ती जोडी गिळते, प्रथिनाचा तुकडा टी पेशीस दाखविते. टी पेशी प्रथिनावर प्रसन्न होऊन निरोप देते, आणि बी पेशी त्या निरोपावर प्रतिपिंडें घडविते तीं साखरेविरुद्ध! न्यूयॉर्कच्या ॲव्हरी व गोबेल ह्यांनीं १९२९ च्या सुमारास ही युक्ति प्रयोगशाळेंत सिद्ध केली. पण मुलांपर्यंत पोंचण्यास तिला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. १९८७ सालीं हिमोफिलस 'ब' वरील अशी पहिली जोडलस अमेरिकेंत मान्य झाली. न्यूमोकोकसवरील परदेशी लस महाग होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें १० प्रकारच्या न्यूमोकोकसांवर चालणारी 'न्यूमोसिल' ही लस डिसेंबर २०२० मध्यें बाजारांत आणली. आपल्या सरकारच्या लसीकरणांत ही जोडलस २०१७ पासून कांहीं प्रांतांत आली, आणि २०२१ सालीं देशभर लागू झाली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने ह्या तीन वेळीं ती प्रत्येक बाळास मिळते. सिकलसेलच्या मुलास दोन वर्षांनंतर आणखी निराळी लसही डॉक्टर सुचवितात.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. न्यूमोकोकसच्या शालीचे सुमारें शंभर प्रकार आहेत, आणि कोणतीही लस ते सारे झांकीत नाहीं. म्हणून लस घेतलेल्या मुलाचा तापही हलका मानावयाचा नाहीं.

ह्याच ओघांत एका प्रचलित वेडाविषयीं बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. २०२० च्या साथीपासून 'प्रतिकारशक्ति वाढवा' हा मंत्र घरोघर झाला, आणि काढे, चूर्णें, गोळ्या ह्यांच्या जाहिरातींस ऊत आला. आल्या-तुळशीच्या काढ्यानें घशास बरें वाटत असेल तर तो सुखेनैव घ्यावा. पण प्रतिकारशक्ति म्हणजे कोठारांतलें धान्य नव्हे, कीं जितकें अधिक तितकें चांगलें. योग्य पेशीनें योग्य वेळीं योग्य निरोप ऐकणें, आणि काम झालें कीं पुन्हां झोपणें, ह्याचें तें नांव. बॅफ हेंच द्रव्य अति झालें म्हणजे नष्ट व्हावयाच्या बी पेशीही जगतात. ल्यूपस ह्या आजारांत शरीर स्वतःवरच उलटतें, त्यांत ह्याचा हात असतो. म्हणूनच बॅफला अडविणारें औषध २०११ सालीं अमेरिकेंत ह्या आजारावर मान्य झालें. एका रोग्यास जो निरोप पोंचवावा लागतो, तोच दुसऱ्याच्या बाबतींत अडवावा लागतो. बाटलीवरील 'शक्तिवर्धक' ह्या अक्षरांस हा विवेक ठाऊक नसतो.

आतां कोणी म्हणेल, हा आजार आमच्या घरांत कोठें आहे? प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर वाटतें तितकें सोयीचें नाहीं. वाहनाच्या अपघातांत पोटास मार बसून पाणथरी फुटली आणि ती काढावी लागली, असा तरुण मुलगा कोणत्याही घरांत असूं शकतो. रक्तकणिका कमी होण्याच्या कांहीं आजारांत ती मुद्दाम काढतात. जरीपटक्याकडील सिंधी कुटुंबांत थॅलसीमियाचा दोष बराच आढळतो, आणि त्यांतल्या कांहीं रोग्यांचीही पाणथरी काढावी लागते. ह्या सर्वांची वेस उघडी असते, आणि ती आयुष्यभर उघडी राहते. जखम भरली, टांके निघाले, म्हणजे प्रकरण संपलें असें घरच्यांस वाटतें. पण वीस वर्षांनंतर आलेला तापही अशा माणसाचा घात करूं शकतो.

शिवाय ज्यांनीं ह्या आजाराचा भार वाहिला, ते आपल्या पंगतीला नव्हते, पण आपल्या घरीं राबत होतेच. भांडीं घासणाऱ्या बाईचें मूल वरचेवर हातपाय दुखतात म्हणून रडतें, डोळे पिवळट दिसतात, शाळा बुडते, आणि 'अशक्तपणा आहे' म्हणून आपण त्यास उरलेलें दूध देऊन मोकळे होतों. त्या मुलास दुधाबरोबरच रक्ताच्या तपासणीची गरज आहे. संपत रामटेके ह्यांनीं नागपुरांतून सिकलसेलच्या रोग्यांची संघटना उभारली. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांत शहडोल येथें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हें तिचें ध्येय आहे. सोय सरकारी दवाखान्यांत आहे. तेथवर बोट धरून नेणारा शेजारी हवा असतो.

विवाहाविषयीं एकच वाक्य. एकनाडीचा दोष आपण पाहतों तो संततीच्या हितासाठीं, असें वडीलधारे सांगतात. तेंच हित मनांत असेल तर पत्रिकेबरोबर उभयतांच्या हिमोग्लोबिनची तपासणी करावी, आणि दोष निघालाच तर त्याचा उच्चार कलंक म्हणून नव्हे, माहिती म्हणून करावा.

शेवटीं, ज्या घरांत पाणथरी नसलेलें किंवा सिकलसेलचें माणूस आहे, त्या घरांतल्या मंडळींनीं एवढें पक्कें लक्षांत ठेवावें. पाणथरी ठरवून काढावयाची असेल तर निदान दोन आठवडे आधीं लसी घ्याव्या. अपघातांत अचानक काढावी लागली तर नंतर लसींविषयीं डॉक्टरांस आपण होऊन विचारावें. लहान मुलाचें पेनिसिलिन डॉक्टरांच्या सांगण्यावांचून बंद करूं नये. कुत्रें चावलें तर जखम लहान असली तरी त्याच दिवशीं दाखवावें. गडचिरोलीकडे किंवा हिंवतापाच्या कोणत्याही प्रांतीं जाणें असेल तर मच्छरदाणी व प्रतिबंधक औषध ह्यांची आधीं तजवीज करावी. 'मला पाणथरी नाहीं' अशी चिठ्ठी पाकिटांत असावी. आणि तापमापक १०१ अंश दाखवूं लागला कीं पट्ट्या, काढा, 'सकाळीं पाहूं', ह्यांपैकीं कांहींएक न करतां तडक रुग्णालय गांठावें आणि दारांतच पहिलें वाक्य हेंच सांगावें. वेशीवरचे पहारेकरी नसलेल्या घरांत जागें राहण्याचें काम घरच्या माणसांनाच करावें लागतें.